झटका मशीनच्या कुंपणाचे इन्सुलेटर : या चुका टाळा

रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापासून तूर-हरभरा वाचवण्यासाठी आपल्याकडे आता धुऱ्याधुऱ्यावर (बांधाबांधावर) कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारे झटका मशीन दिसते. पहिल्याच पावसाळ्यात झटका कमी झाला की शेतकरी मशीन दुरुस्तीला नेतो. दोष मात्र बहुधा खांबावरच्या इन्सुलेटरमध्ये, म्हणजे तारेतली वीज खांबात उतरू न देणाऱ्या आधारात असतो. मे महिन्यात बल्ली (लाकडी खांब) कोरडी असते, म्हणून निकृष्ट इन्सुलेटरही खपून जातो. जुलैत तीच बल्ली भिजली की झटका खांबातून जमिनीत उतरतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून भागवणे. त्या रबरात काजळी भरपूर मिसळलेली असते आणि हजारो व्होल्टच्या दाबाला ती वाट करून देते. इन्सुलेटरच्या प्लास्टिकमध्येही उन्हापासून बचावासाठी काजळी घालतात, पण ती अगदी थोडी असते. त्यामुळे केवळ काळा रंग पाहून चांगला इन्सुलेटर नाकारू नये. हलक्या प्रतीचे प्लास्टिक मात्र विदर्भाच्या ४५ अंशांच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होते. लोखंडी अँगलवर तार आणि अँगल यांत पुरेसे अंतर ठेवणारा लांब मानेचाच इन्सुलेटर घ्यावा.

कोपऱ्यावर सगळ्या तारेचा ताण येतो, म्हणून तेथे चिनी मातीचा किंवा ताणासाठीच बनवलेला भक्कम इन्सुलेटर हवा. मधल्या खांबांवर तार बाइंडिंग तारेने आवळून बांधू नये. ती इन्सुलेटरमधून सरकती राहिली, तरच डुकराच्या धडकेचा ताण पुढे वाटला जातो.

दोष शोधायला पावसानंतरची अंधारी रात्र उत्तम. गेल्या आषाढात मी असाच धुऱ्याने चाललो होतो. एका खांबापाशी सेकंदा-सेकंदाला ‘टक्, टक्’ असा आवाज आला आणि निळसर ठिणगी दिसली. मशीन बंद करून पाहिले, तर इन्सुलेटरला केसाएवढी चीर होती आणि तिच्यात काळी माती बसलेली होती. असा इन्सुलेटर पुसून पुन्हा वापरू नये, कारण ठिणगीने जळलेली रेघ पुढेही वीज वाहून नेते. आवाज येत नसेल, तर कुंपणाचा एकेक भाग सोडवून झटका मशीनच्या कुंपणासाठीच्या टेस्टरने व्होल्ट मोजावेत. ज्या भागामुळे आकडा पडतो, तेथेच दोष असतो. खालची तार जमिनीपासून ८ ते १० इंचांवर असते, त्यामुळे तिला टेकलेले गवतही त्याच वेळी कापावे.

झटका कमी पडतो म्हणून कुंपणाला घरची किंवा पंपाची लाईन कधीही जोडू नये. मशीनचा झटका क्षणभराचा असतो. लाईनचा प्रवाह सलग असतो आणि माणसाचा, गुराचा, वाघाचाही जीव घेतो. अशी लाईन जोडणे हा गुन्हाही आहे.

सर्व इन्सुलेटर चांगले असूनही उन्हाळ्यात झटका लागत नसेल, तर अर्थिंग, म्हणजे मशीनला जमिनीशी जोडणारी सळई पाहावी. भेगाळलेल्या काळ्या मातीत सळईची पकड सुटते. सळई ओलाव्यापर्यंत खोल ठोकावी आणि तिच्या बुडाशी पाणी घालावे.