पंखा का ओरडतोय ते आधी बघा

रिटचिंग शिकायला लागले आणि काही महिन्यांतच पहिलं मोठं काम हाती आलं. साधारण बाराशे रॉ फोटो (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता जपलेली मूळ नोंद), त्यातून निवड करायची, रंग सारखे करायचे आणि तीन दिवसांत द्यायचे. पहिल्याच संध्याकाळी लॅपटॉपचा पंखा असा काही सुटला की शेजारच्या खोलीतून विचारणा झाली. एक्स्पोजरचा स्लायडर सरकवला की फोटो तीन-चार सेकंदांनी बदलायचा. तोपर्यंत माझ्या हातून तो जास्तच सरकलेला असायचा. मग परत मागे, परत वाट बघणं. टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्रॅम मशीन किती वापरतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला तर प्रोसेसर १०० टक्के.

मग मी तेच केलं जे बहुतेक नवखे करतात. घाबरून रॅम वाढवली, आठची सोळा जीबी. प्रोग्रॅम जरा लवकर उघडायला लागला, पंखा मात्र तसाच. ज्यांच्या हाताखाली शिकत होते त्या सरांना रडगाणं सांगितलं तर ते म्हणाले, "प्रोसेसर किती भरलाय ते सांगतेस. कशानं भरलाय ते बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. १०० हा आकडा बघूनच धाबं दणाणलं होतं.

खरं तर हा आकडा म्हणजे बिघाड नव्हे. रॉ फाइल हा तयार फोटो नसतोच. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी शोधलेली रंगीत जाळी असते (पेटंट १९७६ चं, म्हणजे डिजिटल कॅमेरे दुकानात यायच्या कितीतरी आधीचं). या जाळीमुळे प्रत्येक पिक्सेलला एकच रंग दिसतो. निम्म्यांना हिरवा, पाव हिश्शाला लाल, पाव हिश्शाला निळा. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून ताडायचे असतात आणि हे ताडण्याचं काम सहसा प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. २४ मेगापिक्सेलचा फोटो, तीन रंग, प्रत्येकाला दोन बाइट, म्हणजे मेमरीत एक फोटो १४४ एमबीचा झाला. त्यावर नॉइज रिडक्शन, लेन्स करेक्शन, दोन-तीन मास्क (फोटोच्या ठरावीक भागापुरते बदल). रॉ एडिटर मूळ फाइलला हात लावत नाही, आपण दिलेल्या सूचनांची यादी तेवढी जपतो. त्यामुळे स्लायडर हलला की त्या यादीतलं बरंचसं गणित पुन्हा मांडावं लागतं.

म्हणून एक्स्पोर्ट (तयार फोटोच्या फाइल काढणं) चालू असताना प्रोसेसर १०० टक्क्यांवर असेल तर खुशाल असू द्या. उलट त्या वेळी तो ३० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर मी काळजीत पडते, कारण त्याचा अर्थ दुसरंच काहीतरी त्याला अडवून धरतंय. शंका घ्यायची ती तुम्ही माउस सोडून हाताची घडी घालून बसलात आणि दहा मिनिटांनीही आकडा खाली येत नाही तेव्हा.

सरांनी मला तेच करायला लावलं. प्रोग्रॅम उघडायचा, कशालाही हात लावायचा नाही, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, रकान्यावर क्लिक करायचं, म्हणजे सगळ्यात खादाड प्रोसेस वर येते. मॅकवर हेच काम ॲक्टिव्हिटी मॉनिटर करतो. तिथे ३५० टक्के वगैरे आकडा दिसला तर दचकू नका, तिथे प्रत्येक कोअरचे (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे गणित करणाऱ्या भागाचे) १०० धरतात, त्यामुळे आठ कोअरच्या मशीनवर एकूण हिशेब ८०० चा असतो.

माझ्या यादीत वर दोन नावं होती. एक फोटो एडिटर स्वतः. दुसरं ॲन्टिव्हायरस, आणि याची मला कल्पनाच नव्हती. एडिटर मागच्या मागे बाराशे फोटोंचे पूर्ण आकाराचे प्रिव्ह्यू बनवत होता, शिवाय चेहरे ओळखण्याची सोय चालू असल्यामुळे प्रत्येक फोटोत माणसं शोधत बसला होता. प्रत्येक प्रिव्ह्यूची फाइल कॅशेच्या (तात्पुरत्या फाइल साठवण्याच्या) फोल्डरमध्ये पडली की ॲन्टिव्हायरस ती उघडून तपासायचा. म्हणजे एक लिहितोय, दुसरा वाचतोय, आणि मी मध्येच स्लायडर ओढतेय.

चेहरे ओळखणं बंद केलं. कॅशे आणि कॅटलॉग (फोटोंची आणि सूचनांची एडिटरची नोंदवही) हे दोनच फोल्डर ॲन्टिव्हायरसच्या तपासणीतून वगळले. दोनच, हे लक्षात घ्या. अख्खा ड्राइव्ह वगळायचा मोह होतो, पण बाहेरून येणारी मेमरी कार्डं आणि पेन ड्राइव्ह ज्या फोल्डरमध्ये उतरतात तो कधीही वगळू नका. आणि प्रिव्ह्यू बनवायचं काम रात्री झोपताना लावून दिलं. सकाळी तोच लॅपटॉप ऐकायला लागला होता. रॅमचे पैसे तेवढे गेले.

हे झालं माझं कारण. तुमचं वेगळं असू शकतं, म्हणून टास्क मॅनेजर उघडलाच आहे तर बाकीचे रकानेही बघा. मेमरी नव्वदीच्या पुढे आणि डिस्क सतत १०० असेल तर रॅम कमी पडतेय, मशीन डिस्कलाच मेमरी म्हणून वापरतंय. तिथे मात्र रॅम वाढवून खरंच फायदा होतो. प्रोसेसर भरलेला आणि जीपीयू (ग्राफिक्सची चिप) जवळजवळ शून्यावर असेल तर एडिटरच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सची मदत बंद तर नाही ना ते बघा. ड्रायव्हर (ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर) जुना किंवा बिघडलेला असला की काही प्रोग्रॅम ती आपणहून बंद करतात आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. उलटही घडतं. कमकुवत ग्राफिक्स चिपवर ती मदत बंद केली की काम जास्त सुरळीत चालतं. दोन्ही करून बघण्याला पर्याय नाही.

लॅपटॉपवाल्यांनी उष्णता विसरू नये. बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात पोचले की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतात. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर चालू वेग आणि बेस स्पीड दोन्ही दिसतात. भार पूर्ण आणि चालू वेग बेसच्याही खाली असेल तर बहुतेक वेळा मशीन तापलंय, नाहीतर चार्जर काढलेला आहे. गादीवर लॅपटॉप ठेवून एडिटिंग करणाऱ्यांना (मीही त्यातलीच होते) खालच्या जाळ्या बंद होतात हे सांगावं लागतं. पंख्यातली धूळ काढून घेतल्यावर माझ्याकडे एक्स्पोर्टच्या वेळात जो फरक पडला तो रॅमनं पडला नव्हता.

आता कामाच्या सवयींबद्दल. नॉइज रिडक्शन, डाग काढणं, बारीक ब्रशचे मास्क ही जड कामं शेवटी ठेवा. आधी निवड, मग क्रॉप, मग उजेड आणि रंग. मी सुरुवातीला प्रत्येक फोटोवर इंपोर्ट होतानाच नॉइज रिडक्शनचा प्रिसेट लावत होते, त्यातले निम्म्याहून जास्त फोटो पुढे निवडीतच उडायचे. म्हणजे जे फोटो देणारच नव्हते त्यांच्यासाठी प्रोसेसर घाम गाळत होता. काही प्रोग्रॅममध्ये मूळ फाइलऐवजी लहान प्रिव्ह्यूवर काम करण्याची सोय असते, ती चालू करा. ४के स्क्रीन घेतली असेल तर एवढं ध्यानात ठेवा की तिच्यावर फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात, आणि पूर्ण पडदाभर फोटो म्हणजे स्लायडरच्या प्रत्येक हालचालीला चौपट पिक्सेलांचं गणित. खिडकी लहान केली तरी फरक जाणवतो. दिसायला गरिबी, पण डेडलाइनच्या दिवशी उपयोगी.

एक्स्पोर्ट चालू असताना दुसरं काही करायचं असेल तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्स पानावर एडिटरच्या नावावर राइट क्लिक करून प्रायॉरिटी 'बिलो नॉर्मल' करा. एक्स्पोर्ट थोडा लांबेल, पण ईमेल लिहिताना अक्षरं अडकणार नाहीत. तिथेच अफिनिटीमधून (प्रोग्रॅमनं कोणते कोअर वापरायचे ते ठरवणारं सेटिंग) एक-दोन कोअर मोकळे ठेवता येतात. प्रोग्रॅम बंद करून उघडला की ही दोन्ही सेटिंग सहसा जातात, परत करावी लागतात. हे मी क्वचितच करते. मला एक्स्पोर्ट लावून उठून जायला आवडतं.

नवं मशीन घ्यायचा विचार असेल तर कोअरच्या संख्येला भुलू नका. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब इथे लागू पडतो. कामाचा ८० टक्के भागच वाटून करता येत असेल तर कितीही कोअर लावा, वेग पाचपटीच्या वर जात नाही. एक्स्पोर्ट बऱ्यापैकी वाटता येतो, एकेक फोटो वेगळ्या कोअरला. स्लायडर ओढल्यावर फोटो लगेच बदलणं मात्र तितकं वाटता येत नाही, तिथे एका कोअरचा वेग आणि ग्राफिक्स कार्ड जास्त कामाला येतात. तुमचा वेळ कशात जातो ते आठवडाभर बघा आणि मग पैसे काढा. मी आधी काढले होते.

तो लॅपटॉप त्यानंतर अडीच वर्षं चालला. शेवटी गेला तो कीबोर्ड.