पांडवलेणी आणि नवे नाशिक एका चौकटीत

त्रिरश्मी डोंगरावरची लेणी आणि पायथ्यापलीकडच्या उंच इमारती एकाच छायाचित्रात घ्यायच्या असतील, तर लेणे क्रमांक 10 च्या ओवरीत, खांबांच्या आतल्या बाजूला उभे राहावे. लेण्यांचे तोंड साधारण उत्तरेकडे असल्यामुळे हिवाळ्यात दुपारनंतर सूर्य डोंगरामागे राहतो आणि समोरच्या इमारती उजळतात.

खरा पेच उजेडाचा आहे. ओवरीतल्या सावलीसाठी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) वाढवले की शहर पांढरेफटक होते. म्हणून उजेडाची मोजणी इमारतींवरून करावी, फाइल रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती जपणाऱ्या) ठेवावी आणि खांबांच्या घंटाकृती शिरोभागांवरचे प्राणी नंतर संपादनात सावकाश उजळावेत. फार रुंद लेन्सने इमारती काडेपेटीएवढ्या दिसतात, त्यामुळे मला 35 मिमीची लेन्सच योग्य वाटते. फुल फ्रेम (35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर लेन्सचे छिद्र एफ 11 इतके लहान ठेवून सुमारे 4 मीटरवर फोकस केल्यास 2 मीटरपासून क्षितिजापर्यंत बहुतेक सारे स्पष्ट येते.

त्रिपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी घ्यावी. एरवी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा, पण कोरीव खांबाला कॅमेरा टेकवू नये. पावसाच्या सरीनंतर हवा धुतली जाते, तेव्हा दूरच्या इमारतींच्या कडाही स्वच्छ उमटतात.