शिवसागरात बोटीतून जनावरं बघायची आहेत? मग या चुका टाळा

शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. साताऱ्याहून कासमार्गे त्याच्या काठच्या बामणोलीला उतरायचं, बोट ठरवायची, पलीकडच्या वासोटा किल्ल्याचा पायथा गाठायचा आणि अंधाराच्या आत परत फिरायचं, हा बहुतेकांचा शिरस्ता. त्यात बोट म्हणजे पाण्यावरची वडाप, नुसती पोचवणारी गाडी. समोरचा पश्चिम काठ मात्र १९८५ साली जाहीर झालेल्या कोयना अभयारण्याचा आहे आणि २०१० पासून तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथले गवे, सांबरं, क्वचित पाणमांजरंही पाण्यावरून दिसू शकतात. वाघाची आशा धरून मात्र जाऊ नका.

पहिली चूक हंगामाची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जलाशय काठोकाठ असतो (पूर्ण साठा १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट), त्यामुळे पाणी थेट झाडीला टेकलेलं असतं. उघडा काठ उरत नाही. शिवाय रानात ओढे वाहत असतात, मग जनावर तलावावर येईल कशाला? देखावा हवा असेल तर हे महिने उत्तम. जनावर हवं असेल तर फेब्रुवारी-मार्चपासून पुढे जा. पाणी उतरतं, लाल मातीचा पट्टा उघडा पडतो, ओलीवर कोवळं गवत येतं आणि गवे त्यावर उतरतात. पावसाळ्यात बोटी बंदच असतात.

पाणी उतरलेल्या दिवसांत आणखी एक चूक होते. पाण्यातून वर आलेली उघडी बेटं दिसली की लोक तिथे फोटोला उतरतात. नदी सुरय आणि टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती अंडी खड्यांसारखी दिसतात, पायाखाली आली तरी कळत नाही. पक्षी उठून ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागला तर तुम्ही घरट्याजवळ आहात. मार्च-एप्रिलच्या उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्या वेळात भाजून निघतात. बेट बोटीतूनच बघा. शिवाय काठाची माती वरून वाळलेली दिसली तरी खाली गुडघाभर चिखल असतो.

वेळ आणि दिशा यांचा हिशेब सोपा आहे. बामणोली पूर्वेला, जंगल पश्चिमेला. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येऊन समोरच्या काठावर पडतं. दुपारनंतर तेच ऊन डोळ्यांत येतं आणि गवा नुसता काळा ठिपका दिसतो. वाराही दुपारी वाढतो, पाणी खळाळतं, दुर्बीण स्थिर राहत नाही. म्हणून पहिली बोट धरा. परवानगी आणि ओळखपत्राची चौकशी आदल्या दिवशीच करा. अभयारण्यात रात्री थांबता येत नाही आणि वनविभागाने मनाई केलेल्या भागात नेण्याचा आग्रह नावाड्याला धरू नये. नंतर कारवाई त्याच्यावर होते.

सगळ्यात मोठी चूक इंजिनाची. बोट माणशी मिळत नाही, पूर्ण ठरते. ठरवतानाच सांगा: "वासोटा नको दादा, काठाकाठाने हळू चला, मध्ये इंजिन बंद करून थांबायचंय." थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या. हे न सांगितल्यास नावाडी पूर्ण वेगाने पलीकडे नेणार, त्यात त्याचा दोष नाही. जनावर दिसलं की थेट त्याच्या रोखाने जाऊ नका. दीडशे-दोनशे मीटर अलीकडे, तुमचा वास त्याच्याकडे जाणार नाही अशा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला इंजिन बंद करा आणि बोट काठाला समांतर वाहू द्या. गव्याने मान वर करून कान रोखले तर तसंच शांत बसा. तो वळून वर चढायला लागला तर तुम्ही फार जवळ आलात. निघताना आधी वल्ह्याने दूर सरका, मगच इंजिन चालू करा.

आणि "गवाऽ!" म्हणून कुणी ओरडलं की सगळे एकाच अंगाला धावतात. बोट कलते आणि निदान एक मोबाईल तरी पाण्यात जातो. बघायचं ते बसूनच. लाइफ जॅकेट अंगावर, पट्टे ओढून बांधलेलं हवं. खांद्याजवळ धरून वर ओढल्यावर ते कानापर्यंत सरकलं तर सैल आहे. मुलांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही. त्यांच्या मापाचं नसेल तर बोट बदला.

दुर्बीण ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी) पुरे. १२ पटीची घेतली तर बोटीच्या हेलकाव्यात काहीच टिकत नाही. ट्रायपॉड घरी ठेवा, तो इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात पोचवतो. कोपर अंगाला टेकवून, शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. पांढरे, भडक कपडे नकोत.

आता बिघाडाचं. आऊटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनाची बोट असेल तर तीन खुणा ओळखता याव्यात. इंजिन ओरडतंय पण बोट हलत नाही: पंख्याची पिन तुटली, बहुधा बुडालेल्या खुंटाला लागून. जादा पिन आणि वल्हं बोटीत आहे का, हे निघण्याआधी विचारा. दहा-पंधरा मिनिटं चालून इंजिन आचके देत बंद पडलं: पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला असेल. तो सैल करून नळीवरचा रबरी फुगा दाबला की बहुतेक वेळा काम होतं. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार थांबली, तर थंड करणारं पाणी वर चढत नाही. लगेच बंद करायला सांगा, नाहीतर इंजिन जाम होईल. थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसले की खाली कोळ्यांचं जाळं आहे. ते पंख्यात गुंडाळलं तर आधी इंजिन बंद, मग पंखा वर उचलून हाताने सोडवायचं. मदत म्हणून पाण्यात कुणी उतरू नये. तिथे खोली फार असते आणि त्याच जाळ्यात पाय अडकतो.