होडी चिखलात असताना आलेला इशारा: शिंपले व समुद्री शेवाळाच्या शेतीतील वादळ-निरीक्षण यंत्रणेत या चुका टाळा

पुण्यातील आमच्या कार्यशाळेत शिंपले व शेवाळ ज्यांवर वाढवतात त्या कोकणच्या खाड्यांमधील तराफ्यांसाठी दोरावरचा ताण मोजणारे तरंगते बोये तयार होतात. पहिल्याच हंगामात एका बोयाने वादळाचा इशारा अगदी बरोबर दिला, मोबाइलवर संदेश वेळेत पोहोचला, आणि तरीही तराफ्याचे दोन कोपरे तुटून गेले. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा बचत गटातील काकूंनी शांतपणे एवढेच सांगितले, "मेसेज इलो, पन होडी चिकलात होती." संदेश ऐन ओहोटीला गेला होता आणि भरतीचे पाणी चढेपर्यंत तराफ्यापर्यंत जाणे कोणालाच शक्य नव्हते. आमचे यंत्र वाऱ्याचा विचार करत होते. ज्यांना होडी काढायची होती त्यांचा विचार त्यात नव्हता. पुढील बहुतेक चुका आम्ही स्वतः केलेल्या आहेत.

अंदाज समुद्राचा, शेत खाडीतले

भारतीय हवामान विभागाचे पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे तसेच हैदराबादच्या 'इन्कॉइस' या महासागराची माहिती देणाऱ्या संस्थेचे उंच लाटांचे इशारे अत्यंत उपयोगी आहेत आणि ते रोज पाहिलेच पाहिजेत. मात्र तेच आकडे जसेच्या तसे आपल्या तराफ्याला लावणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. अंदाजातील लाटेची उंची ही त्या वेळच्या सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे ३ मीटरचा अंदाज असताना एखादी लाट ५ मीटरच्याही पुढे जाऊ शकते, आणि दोर तुटतो तो त्या एका लाटेने. उलट बाजूने पाहिले तर खाडीच्या मुखावरील वाळूच्या दांड्यामागे असलेल्या शेतापर्यंत त्या लाटेचा फारच थोडा भाग पोहोचतो; तिथे खरा धोका पावसाच्या पुराने वाढलेल्या प्रवाहाचा असतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की दोरावरील ओढ चौपट होते, हे लक्षात घेतले तर खाडीच्या आतल्या शेतात वाऱ्याच्या मापकाआधी प्रवाहमापक का बसवावा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

वारा मोजायचाच असेल, तर तो किनाऱ्यावरील घराच्या कौलांवर मोजू नये. भिंतीला आपटून वर चढलेला वारा आणि पाण्यावरून सरळ येणारा वारा यांचे आकडे जुळत नाहीत.

धोक्याची रेषा एकदाच आखणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. यंत्र बसवताना ताणाची एक मर्यादा ठरवली जाते, ती प्रणालीत भरली जाते, आणि पुढे हंगामभर तिला कोणी हात लावत नाही. पीक मात्र रोज वाढत असते. कप्पाफायकस या शेवाळाचे चक्र साधारण ४५ दिवसांचे असते आणि तेवढ्यात लावलेल्या बियाण्याचे वजन कित्येक पटींनी वाढते. शिंपल्यांच्या दोरांवर तर स्वतः शिंपले, त्यांच्यावर चढलेली बार्नॅकल (घट्ट चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव) आणि मधल्या फटींत साचलेला गाळ असे तिहेरी ओझे होते. पहिल्या आठवड्यात ज्या प्रवाहात दोर सैल राहत होता, त्याच प्रवाहात सहाव्या आठवड्यात तो तारेसारखा ताणला जातो. म्हणजे हवामान तेच असते, आणि धोका मात्र बदललेला असतो.

कोकणात याला आणखी एक धार आहे. शिंपल्यांचे बीज हिवाळ्यात दोरांना बांधले जाते आणि पावसाळ्यापूर्वी काढणी केली जाते, त्यामुळे पीक सर्वांत जड असते ते मे महिन्यात. अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे दोन मोसम आहेत, एक मे-जूनचा आणि दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. 'तौक्ते' मे २०२१ मध्ये आपल्या किनाऱ्याला समांतर वर सरकत गेले आणि 'निसर्ग' ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. 'क्यार' हे ऑक्टोबर २०१९ मधले आणि 'फयान' नोव्हेंबर २००९ मधले, म्हणजे नव्या लागवडीच्या तयारीच्या काळातले. पावसाळा सुरू झाला की यंत्रणा तपासू, असे म्हणणाऱ्यांचे नुकसान पावसाळ्याआधीच होऊन गेलेले असते.

यावर उपाय कष्टाचा आहे, पण साधा आहे. दर आठवड्याला भरती आणि ओहोटी यांच्या मधल्या स्थिर पाण्यात ताणाची एक नोंद घ्यावी, आणि दुसरी नोंद उधाणाच्या दिवशी प्रवाह सर्वांत जोरात असताना घ्यावी. या दोन आकड्यांमधील अंतर आठवड्यागणिक किती वाढले, ते पाहून मर्यादा नव्याने ठरवावी. वरची अंतिम मर्यादा दोराच्या ताकदीवरून ठरते, आणि ती ताकद नव्या दोराच्या वेष्टनावर छापलेल्या आकड्याएवढी धरू नये. गाठीमुळेच ती बरीच, कधीकधी निम्म्यापर्यंत, घटते आणि उन्हाने व घासण्याने आणखी कमी होते.

सरासरीच्या आड लपलेला झटका

बॅटरी वाचावी म्हणून दर दहा मिनिटांनी एकच वाचन घेणारे यंत्र आम्हीही बनवले होते. त्या यंत्राच्या आलेखात वादळाची रात्र एखाद्या वाऱ्याच्या दुपारसारखी दिसली. लाट ओसरताना दोर ढिला पडतो आणि पुढच्या लाटेने तो एकदम ताणला जातो; हा झटका सेकंदभरही टिकत नाही, परंतु शॅकलची, म्हणजे दोर जोडणाऱ्या धातूच्या कडीची, खीळ वाकते ती त्यानेच. म्हणून यंत्राने स्वतःच्या आत दर सेकंदाला निदान चार-पाच वाचने घेत राहावे आणि किनाऱ्याकडे मात्र मोजकेच आकडे पाठवावेत: दहा मिनिटांतील सरासरी, सर्वांत मोठा झटका, मर्यादा किती वेळा ओलांडली आणि बॅटरीची स्थिती. वीज खाते ते मुख्यतः प्रक्षेपण, मोजणी नव्हे.

खडकवासल्यात उत्तीर्ण झालेले यंत्र

पुण्यात बसून समुद्राची यंत्रे बनवताना एक मोह होतोच. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून सुटे भाग आणावेत, आयपी ६७ दर्जाची पेटी घ्यावी, खडकवासल्याच्या पाण्यात रात्रभर ठेवावी आणि सकाळी ती कोरडी निघाली की काम झाले असे मानावे. आयपी ६७ याचा अर्थ १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे, एवढाच आहे. त्या चाचणीत मीठ नाही, लाटेचा मार नाही आणि जोडणीच्या कडेवर घर करणारे बार्नॅकल नाही. १९१६ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळा त्याच खडकवासल्यात लाटांचे आणि बंदरांचे नमुने तयार करून अभ्यास करते. समुद्र पुण्यात आणायचा तर किती तयारी लागते, याची कल्पना त्यावरून यावी.

खाडीत चार महिने राहिलेली आमची एक पेटी उघडली तेव्हा आतून ती कोरडीच होती. बिघाड बाहेर होता. केबलच्या जोडणीतील पितळी पिनांवर हिरवट पूड साचली होती, आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेल्या स्टीलच्या बोल्टभोवती धातू बिस्किटासारखा भुगा होऊन बोटाने निघत होता. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यांतील एक झिजतो. तेव्हापासून आम्ही ३०४ ऐवजी खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारे ३१६ प्रतीचे स्टील वापरतो, धातूंच्या मध्ये नायलॉनचा वॉशर घालतो, स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारा जस्ताचा तुकडा लावतो, आणि प्रत्येक शॅकलची खीळ तारेने बांधून मगच बोया पाण्यात सोडतो. किमान एक महिना खऱ्या खाडीत न काढलेले यंत्र कोणालाही विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

संपर्क तुटला म्हणजे सर्व ठीक आहे, असे समजणे

'निसर्ग' येऊन गेल्यानंतर रायगड आणि रत्नागिरीच्या अनेक गावांत वीज कित्येक दिवस नव्हती. अशा वेळी मोबाइलचा मनोराही बंद पडतो, म्हणजे इशाऱ्याची गरज सर्वाधिक असते त्याच तासांत रस्ता बंद होतो. लोरा पद्धतीचे कमी विजेवर चालणारे रेडिओ इथे उपयोगी पडतात, परंतु त्यांचा अँटेना पाण्याच्या पातळीला टेकलेला असेल तर प्रत्येक लाट त्याला झाकते. तो निदान मीटर-दीड मीटर उंच हवा आणि किनाऱ्यावरील संदेश घेणारे यंत्र शक्य तितक्या उंचावर, स्वतंत्र बॅटरीवर असावे. जूनमधील सलग ढगाळ दिवस धरून सौर पट्टीचा हिशेब करावा. नोंदी बोयाच्या स्मृतीत साठत राहिल्या पाहिजेत, आणि ठरलेल्या वेळी बोयाकडून 'मी आहे' असा संदेश आला नाही, तर ती शांतताच धोक्याची सूचना मानली पाहिजे.

इशारा कोणाला, आणि त्याने नेमके काय करायचे?

आता त्या चिखलातील होडीकडे परत येतो. इशाऱ्याची वेळ वादळावरून मागे मोजत येऊन ठरवावी लागते: दोर ढिले करून तराफा पाण्याखाली नेण्यास किती तास लागतात, होडी पाण्यावर कधी तरंगते, आणि त्या दिवशी दिवसाउजेडी येणारी भरती कोणती. ओहोटीपासून भरतीपर्यंत सुमारे सहा तास जातात आणि भरतीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे आमचा बोया आता 'वादळ येत आहे' असे सांगत नाही. धोका वाढत असेल तर 'दुपारच्या भरतीला निघा, पुढची भरती अंधारात आहे' असे सांगतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बहुतेक होड्या वर ओढलेल्या असतात, हेही त्यात धरावे. पुण्याहून सुटे भाग घेऊन धावत जाण्याचा भरवसा ठेवू नये, कारण ताम्हिणी किंवा वरंध घाटात दरड कोसळली की रस्ता बंद होतो. जास्तीचा एक बोया मे महिन्यापूर्वीच गावात ठेवलेला बरा.

तराफा किंवा लांब दोर खाली बुडवणे हा उपाय चांगला आहे, पण तो प्रत्येक लाटेला सारखा लागू पडत नाही. १० मीटर खोल पाण्यात पीक ५ मीटर खाली नेले, तर जवळच उठलेल्या ६ सेकंदांच्या (म्हणजे ज्यांची शिखरे ६ सेकंदांनी एकामागून एक येतात अशा) लाटेत पाण्याची आडवी हालचाल सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. दुरून आलेल्या १२ सेकंदांच्या लाटेत ती जेमतेम १० टक्क्यांनी घटते. म्हणून लाटेच्या उंचीबरोबर तिचा कालावधीही मोजलाच पाहिजे. लांब लाट येणार असेल तर बुडवण्यात वेळ घालवण्यापेक्षा तयार पीक काढून घेणे शहाणपणाचे ठरते. आणि छोट्या-मोठ्या प्रत्येक वाऱ्याला संदेश पाठवू नये. रोज वाजणारा फोन लोक चौथ्या दिवशी बंद करतात, आणि त्यांचे त्यात काही चुकत नाही.

आकडे विचित्र दिसू लागले तर

ताण अचानक शून्य झाला, तर आधी शेजारच्या दोराकडे पाहावे. दोर खरोखर तुटला असेल तर शेजारच्या दोरावरील भार वाढतो आणि बोयाचा कल बदलतो; केबल तुटली असेल तर आकडा एकाच ठिकाणी गोठून राहतो. समुद्रात खरा आकडा कधीच स्थिर नसतो. ताण हळूहळू चढत असेल आणि स्थिर पाण्यातही खाली येत नसेल, तर पीक वाढले आहे की मापकाचे शून्य सरकले आहे, हे मापक दोरातून सोडवून, मोकळा ठेवून तपासावे. जीपीएसमध्ये बोया भटकताना दिसतो तेव्हा घाबरण्यापूर्वी नांगराच्या दोराची लांबी आणि जीपीएसची चार-पाच मीटरची चूक हिशेबात घ्यावी. त्या वर्तुळाबाहेर तो राहू लागला तरच नांगर ओढला गेला असे समजावे.

क्षारता कमी दिसू लागली, तर मापक आधी मऊ ब्रशने साफ करावा. साफ केल्यावर आकडा उसळी मारून वर गेला, तर तो मळ होता. तो वर गेला नाही आणि ३५ च्या आसपास (एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार) असणारी क्षारता २५ च्याही खाली राहिली, तर ते गोडे पाणी आहे, आणि कप्पाफायकसच्या फांद्या पांढऱ्या पडून गळण्याआधी काढणीचा निर्णय घ्यावा लागेल. वादळात एकही दोर न तुटता संपूर्ण पीक जाऊ शकते, ते असे.

वादळ ओसरल्यानंतर बोये घाईने वर ओढून धुऊन टाकू नयेत. आधी नोंदी उतरवून घ्याव्यात, तुटलेल्या दोराचे टोक आणि शॅकल यांची छायाचित्रे काढावीत, आणि सर्वांत मोठा झटका कोणत्या मिनिटाला बसला ते त्या छायाचित्रांबरोबर लिहून ठेवावे. कालवे आणि शिंपले मात्र लगेच बाजारात नेऊ नयेत. पुराबरोबर आलेले सांडपाणी ते गाळून घेत असतात, त्यामुळे क्षारता पूर्ववत होऊन पाण्याची तपासणी होईपर्यंत त्यांना दोरावरच राहू द्यावे.