युकुलेले बास: फ्रेट हवेत की नकोत, आणि तारा कोणत्या?

ठाणे लोकलच्या गर्दीत खांद्याला मावतो म्हणून युकुलेले बास (युकुलेलेसारखा छोटा, पण बास गिटारसारखा खर्जात वाजणारा) घेताय? पहिला फ्रेटवालाच घ्या, म्हणजे मानेवर स्वरांच्या जागी धातूच्या आडव्या पट्ट्या असलेला. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, जेमतेम २०-२१ इंच. ३४ इंची बास गिटारवर पहिला फ्रेट नटपासून (मानेच्या टोकाची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) साधारण ४८ मिलिमीटरवर, इथे २९वर. त्यामुळे फ्रेटलेसवर (फ्रेट नसलेल्यावर) बोट जरा सरकलं की सूर ढळलाच. कान तयार असेल, तर मात्र मोठ्या, उभ्या डबल बाससारखा तो गोल आवाज... मोह होतो, मलाही झाला.

रबरासारख्या पॉलियुरेथेन तारा सुरुवातीचे काही दिवस ताणत, उतरत राहतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बदलू नका. आपल्या पावसाळी दमटपणात त्या बोटांना चिकटतात, चिमूटभर टाल्कम पावडर पुरते. धातूच्या हव्या असतील, तर युकुलेले बाससाठीच बनवलेल्या घ्या.