ब्रॅम्ली सफरचंद : परसात आणि पातेल्यात होणाऱ्या या चुका टाळा

इंग्लंडमध्ये घर घेताना परसात ब्रॅम्लीचे जुने झाड आयते मिळाले, तर पहिली चूक बहुधा फळ चाखताना होते. फळ दाताला आंबट लागते, म्हणून ते अजून कच्चे आहे असे समजून महिनाभर झाडावरच ठेवले जाते. ब्रॅम्ली हे शिजवण्याचे सफरचंद असून तयार झाल्यावरही ते हिरवे आणि आंबटच राहते. ऑक्टोबरात फळ तळहातावर घेऊन हलके फिरवल्यावर देठासकट सुटले, की ते उतरवावे.

नॉटिंगहॅमशायरमधील साउथवेल येथे मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९ मध्ये पेरलेल्या बियांतून हा वाण निघाला. नाव मात्र लागले ते पुढे ते झाड असलेल्या घराचा मालक झालेल्या मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाचे, आणि हे आजही खटकते.

झाड भरभरून फुलते, पण फळ धरत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. या वाणात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असल्यामुळे त्याचे पराग जवळजवळ निरुपयोगी ठरतात. शेजारी एकच दुसरे झाड लावले, तर ते ब्रॅम्लीला पराग देते, पण त्याला स्वतःला पराग मिळत नाहीत. म्हणून त्याच सुमारास फुलणारी, एकमेकांना पराग देणारी दोन वेगळ्या वाणांची झाडे जवळपास असावी लागतात. शहरात शेजाऱ्यांच्या बागा हे काम परस्पर करतात. फुले पुष्कळ असूनही फळ न येण्याचे आणखी एक कारण वसंतातील उशिराचे दव गोठणे हे असते, आणि त्याला इलाज थोडाच.

छाटणीत सगळ्या फांद्यांची टोके सरसकट कापू नयेत, कारण ब्रॅम्ली काही फळे टोकांवरच धरते. हिवाळ्यात जबर छाटणी केल्यास झाड नुसते उंच वाढते.

सालीखाली तपकिरी, कडू ठिपके दिसले की कीड समजून औषध फवारले जाते. बहुतेकदा ते फळात कॅल्शियम कमी पोहोचल्याचे लक्षण असते. उन्हाळ्यात पाणी नियमित द्यावे आणि नत्रयुक्त खत आवरते घ्यावे.

स्वयंपाकघरात फोडींचा मुरांबा करू पाहणाऱ्यांची निराशा होते, कारण शिजताच ब्रॅम्लीचा फेसाळ लगदा होतो. फोडी थोड्याफार टिकवायच्या असल्यास साखर सुरुवातीलाच घालावी. लगदाच हवा असल्यास ती शेवटी घालावी. चटणीत चिंच किंवा लिंबू घालण्याची गरज नसते, आणि लेप नसलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याऐवजी स्टीलचे घ्यावे.