उडी दाखवा, पण ‘कशी वाटली?’ विचारू नका

कॉम्प्युटरवर ॲनिमेशन शिकताना एका पात्राला मारायला लावलेली माझी पहिली उडी मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. सात अंगठे आले, दोन ‘छान’ आले आणि मावशीने विचारलं, “हे कार्टून कुठल्या चॅनेलवर लागणार?” उडीत काहीतरी बिघडलंय हे मला जाणवत होतं, पण काय, ते त्या सात अंगठ्यांनंतरही कळलं नाही.

कॅरेक्टर ॲनिमेशन, म्हणजे पात्रं हलवायला, शिकताना चेंडू उसळवून झाला की बहुतेकजण उडीकडे वळतात. वजन, तोल, जोर सगळं दोन सेकंदांत उघडं पडतं. चुकाही उघड्या पडतात, पण करणाऱ्याला त्या दिसत नाहीत. तीच क्लिप दोनशे वेळा पाहिली की डोळा निबर होतो.

दाखवण्याआधी मोजा

जे मोजता येतं ते दुसऱ्याला विचारू नका. पाय सुटल्यावर पात्राची कंबर अर्धा मीटर वर जात असेल, तर माथ्यावर पोचायला सुमारे ०.३२ सेकंद लागतात. सेकंदाला २४ फ्रेम (एकामागोमाग दिसणारी स्थिर चित्रं) धरल्या तर ८ फ्रेम वर, ८ खाली. तुमचं पात्र ३० फ्रेम हवेत असेल, तर त्याची कंबर जवळपास दोन मीटर वर जायला हवी. तेवढी जात नसेल तर उडी तरंगणारच.

एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत कंबर जेवढी सरकते ती अंतरंही सारखी ठेवू नका. माथ्यावरून खाली येताना पहिल्या ४ फ्रेममध्ये कंबर साडेबारा सेंटिमीटरच उतरते, पुढच्या ४ मध्ये साडेसदतीस. नवख्यांच्या बऱ्याच उड्या इथेच फसतात, कारण सॉफ्टवेअर दोन पोजमधलं अंतर आपल्या मनाने वाटून टाकतं.

मित्राला उडी मारायला लावून फोनवर शूट केलं असेल, तर आणखी एक खोच आहे. फोन सहसा ३० फ्रेमने शूट करतो. ते शूटिंग २४ च्या प्रोजेक्टमध्ये फ्रेमला फ्रेम लावलंत तर उडी सव्वापट लांबते. मी यात एक अख्खा आठवडा घालवला आहे.

कच्चं असतानाच दाखवा

बोटं, केस, डोळ्यांची उघडझाप झाल्यावर दाखवलंत तर कुणी “कंबर चुकलीय” म्हणालं की जिवावर येतं, आणि मग आपण वाद घालतो. म्हणून ब्लॉकिंगलाच, म्हणजे फक्त मुख्य पोज लावून झाल्या की, दाखवा: उभा, खाली दबलेला, पाय सुटताना, माथ्यावर, पाय टेकताना, गुडघ्यात झेललेला, पुन्हा उभा. या सात पोज पक्क्या झाल्या की मधलं पुढे भरता येतं.

क्लिप साधी ठेवा. करडी पार्श्वभूमी, संगीत नको, कॅमेरा हलता नको. समोरून काम केलं असेल तरी बाजूने घेतलेली एक प्रत जोडा, कारण कंबर हवेत जी कमान काढते ती बाजूनेच नीट कळते. चित्रावर फ्रेम नंबर हवाच. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये आउटपुटच्या मेटाडेटा विभागात तो छापायची सोय आहे. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो. बघणाऱ्याला सांगा की कॉम्प्युटरवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे सरकते.

कुणाला दाखवायची

ॲनिमेशन येणारा एखादा हवाच. पण सांगलीत मला जास्त उपयोग झाला तो शरीर ओळखणाऱ्यांचा. इथे तालमी आहेत, कबड्डी-खो-खोची मैदानं आहेत. एका तालमीतल्या वस्तादांना मी उडी दाखवली. त्यांनी दोनदा पाहिली आणि म्हणाले, “ह्यो उडला न्हाई. ह्येला वरनं कुणीतरी वढलाय.”

घरी येऊन १८ ते २१ फ्रेम एकेक करून पाहिल्या. पाय जमिनीवरून सुटले होते, पण गुडघे अजून वाकलेलेच. खरी उडी मारताना चवडे जमिनीला टेकलेले असतानाच पाय जवळपास ताठ होतात. ती जमिनीला ढकलण्याची पोजच माझ्याकडे नव्हती.

नाटकातली माणसंही बघा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं ते याच गावात, त्यामुळे हौशी नट शोधायला लांब जावं लागत नाही. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला आपली हालचाल पोचते का, हा त्यांचा रोजचा प्रश्न. त्यांना क्लिप अंगठ्याच्या नखाएवढी करून, पात्र पूर्ण काळं करून दाखवा. हात धडामागे लपला असेल तर लगेच सांगतील.

काय विचारायचं

‘कशी वाटली?’ला ‘छान’ हेच उत्तर येतं. आपल्याकडे तोंडावर वाईट म्हणायची पद्धत नाही, त्यात बिचाऱ्यांची चूक नाही. त्याऐवजी काही न सांगता क्लिप तीनदा दाखवा आणि विचारा: काय झालं? हा किती वजनाचा असेल? मनापासून उडला की कुणी सांगितलं म्हणून? कुठे खटकलं, बोट ठेवा. आणि मग गप्प बसा. “ते अजून करायचंय” हे वाक्य गिळून टाका.

ऐकलेल्याचं काय करायचं

कुठे खटकलं यावर विश्वास ठेवा, उपायावर जरा जपून. “हळू आहे” असं तिघे म्हणाले म्हणून सगळी उडी पळवू नका. वेळ बरोबर असून फ्रेमांमधली अंतरं सारखी असली तरी उडी हळू वाटते. “हलका वाटतो” याचं कारण बहुधा हवेत नसतं. ते दबण्यात किंवा टेकण्यात असतं. दोघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकाच फ्रेमवर बोट ठेवलं, तर ती आधी घ्या. एका वेळी एकच दुरुस्ती करा, फाइल नव्या नावाने ठेवा, आणि नवी क्लिप एका जुन्या आणि एका कोऱ्या डोळ्याला दाखवा.

दुरुस्त उडी घेऊन मी पुन्हा तालमीत गेलो. वस्तादांनी पाहिली, मान हलवली. “आता उडला. पर असा टेकला तर गुडघं जातील की गा ह्येचं.” मी वही काढून फ्रेम लिहून घेतली, ३७.